खाटेखालचं स्टेशन

ताई दुकानाच्या पायरीवरून घसरली तेव्हा तिच्या हातात पडद्याच्या कापडाचा अख्खा तागा होता. तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही. त्यामुळे कापडाला धूळ लागली नाही आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, तागा टाकला असता तर निदान हात टेकता आला असता. त्यावर ताईने पडल्या पडल्या त्यांनाच विचारलं, "आणि डाग कोण काढणार होतं?"

ताई तशीच होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, पडद्यांचं दुकान काढलं आणि बघता बघता निम्म्या शहराच्या खिडक्या झाकल्या. दारातून आत पाऊल टाकताच खिडकीचं माप तिच्या डोळ्यांत भरायचं. टेप लावायची ती केवळ गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. पण ताईचं घर चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "आता काही बोलू नकोस, माझ्याकडे चल." भाऊ जमीन मोजणीच्या कामाला, सदा फिरतीवर. म्हणजे 'माझ्याकडे' याचा अर्थ वहिनीकडे. ताईच्या कपाळाला आठी पडली ती इथे.

वहिनीशी तिचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमात बसवायची, आणि बोलायची तेही तसंच, घासूनपुसून, मोजकं. एवढी वर्षं झाली तरी ताई तिला 'अहो वहिनी' म्हणायची, ती ताईला 'वन्सं' म्हणायची, आणि दोघी एकमेकींना परक्याच्या घरातल्या काचेच्या भांड्यासारख्या जपून हाताळायच्या.

भावाच्या घरात जिना न चढता जाता येईल अशी एकच खोली होती, आणि ती आगगाड्यांची होती.

वहिनीला जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवायचा नाद आहे हे ताईला ऐकून माहीत होतं. खोली मात्र तिने कधी पाहिली नव्हती. स्ट्रेचरवरून आत आणताना तिला ती उताणी दिसली: आधी छत, मग भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने उभे असलेले डबे, लाल, हिरवे, काही रंग उडालेले, आणि खाटेवर ठेवल्यावर मान वळवली तेव्हा जमिनीवरचे रूळ. रूळ भिंतीच्या कडेकडेने जात होते, कोपऱ्यात मोठं वळण घेत होते आणि थेट तिच्या उशाखालून, खाटेच्या पायांमधून निघून पलीकडे जात होते.

"हे काय?"

वहिनीने सांगितलं. खाटेला जागा व्हावी म्हणून टेबलं काढून सगळं जमिनीवर उतरवलं होतं. पण हे रूळ जुने, पत्र्याचे. त्यांचं वळण कारखान्यातच ठरलेलं. आणखी वाकवायला गेलं की मोडतात. गोल पुरा करायला अख्खी खोली लागते. आणि खाट डोक्याकडून भिंतीला लावून दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"म्हणजे मला फलाटावर झोपवलंत."

"फलाट तिकडे खिडकीशी आहे, वन्सं," वहिनी म्हणाली. "हा बोगदा."

ती थट्टा करत होती की माहिती देत होती, ताईला कळेना. वहिनीने उशी नीट केली. "उद्या काढते सगळं. आज वेळच मिळाला नाही." ताईला 'काढाच' म्हणायचं होतं, पण इंजेक्शनने जीभ जड झाली होती. म्हणायचं राहून गेलं.

पहिले काही दिवस ताईने उंटावरून शेळ्या हाकल्या. पडल्या पडल्या तिला घरातलं सगळं दिसायचं: खिडकीचा पडदा दोन बोटं आखूड आहे, सूपात मीठ नाही, टॉवेल उन्हात वाळलेला नाही. वहिनी 'हो वन्सं' म्हणून ते ते करायची आणि कामावर जायची. ती नसताना शेजारची एक बाई येऊन बसायची आणि विणायची. गाडी एकदाही चालली नाही. संध्याकाळी वहिनी जमिनीवर मांडी घालून, एका डोळ्याला दुकानातलं भिंग लावून, एखाद्या डब्याची चाकं स्पिरिटने पुसत बसायची, तेही आवाज न करता. रूळ काढायचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि ताईनेही आठवण केली नाही. पहिली चाल कोण करणार, तू आधी की मी आधी, असं मनातल्या मनात चाललं होतं.

मग एक दुपार आली. वहिनीची सुट्टी होती. सकाळपासून ताईच्या पायातून कळा येत होत्या. गोळी घेतली होती, पण झोप म्हणावी अशी लागत नव्हती; डोळे मिटलेले, कान उघडे. वहिनीला वाटलं, झोपल्या.

कुठेतरी एक कळ खट्‌ झाली. बारीक गुणगुण सुरू झाली, फ्रिजची असते तशी, पण जिवंत. तापलेल्या तेलाचा वास आला. आणि मग खोलीच्या त्या टोकाहून काहीतरी चालत यायला लागलं.

ताईने डोळे उघडले नाहीत. आवाज भिंतीच्या कडेने आला, वळणावर जरा कुरकुरला, जवळ आला, आणि तिच्या उशाखालून गेला. खाट लोखंडी होती. खाटेच्या पायाला रुळाखालची फळी टेकलेली होती. ती थरथर खाटेच्या पायातून वर चढली, गादीत शिरली, खांद्यांमधून गेली आणि मोडलेल्या खुब्यापाशी येऊन हळूच मावळली. एका सांध्यावर दोनदा टकटक. मग दूर. मग पुन्हा वळण.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला खोली सुटली. ताईला ते कळलंसुद्धा. पाठीखालून फलाट सरकावा तशी खोली सरकली आणि मागे गेली. बाहेर शेतं होती, आणि शेतांवर घड्या घातलेलं कापड पसरावं तसा उजेड पसरला होता, घडीवर घडी, फिकट पिवळा. एक नदी आली, तिच्यावरून जाताना आवाज पोकळ झाला. एका स्टेशनवर कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही, फक्त एक बाई लांब दांडीच्या झारीने कुंड्यांना पाणी घालत होती आणि तिने मान वर करून ताईकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं. ताईने विचारलं, कुठलं स्टेशन? पण उत्तर यायच्या आत गाडी निघाली, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही.

जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळ होती. गाडी फळीवर ठेवलेली होती. ताईचे डोळे ओले होते आणि पाय दुखत नव्हता.

छताकडे बघत ती पडून राहिली. तिच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा गाडीत झोपलो. घरातली ती थोरली. लहानपणी सगळे कुठे निघाले की आई म्हणायची, तू सामानावर बस. भावंडं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायची आणि ताई ट्रंकेवर बसून त्यांना मोजायची. पुढे आई म्हातारी झाली, मग आईला मोजायची. अजून पुढे एकटीच कापड आणायला जायची, तेव्हा ताग्यांवर डोळा. गाडीत झोप लागते ती दुसऱ्यांना, हे तिने दात येतात-पडतात तितक्याच सहज गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. शेजारची बाई गेली, वहिनी कामावरून लवकर आली, चहा झाला. ताई दोनदा खाकरली.

"अहो वहिनी, त्या रुळांवर धूळ बसत असेल ना? वापरात नसले की."

"बसते थोडी."

"आणि इंजिनही जाम होत असेल. शिलाई मशीन होतं तसं, महिनाभर तेल नाही घातलं तर."

वहिनी हातातला कप पुसत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं चष्म्याच्या दुकानात रोज येत असावीत. दिसत नाही हे कबूल न करता फ्रेमचा रंग बघायला आलोय म्हणणारी. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर चालवते थोडा वेळ."

"मला कसला त्रास. मी तर झोपलेलीच असते."

तिथून पुढे रोजची गाडी सुरू झाली. वहिनी खिडकीशी फलाटावर बसायची, ताई खाटेवर. कधी झोप लागायची, कधी नुसतीच गुंगी. गुंगीत ताई विचारायची, "का थांबली?" पहिल्यांदा वहिनी गोंधळली. मग अंदाज घेत म्हणाली, "सिग्नल नाही मिळाला." "बाहेर काय दिसतंय?" वहिनीने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं, मग तिकडे पाठ केली. "पाणी," ती म्हणाली. "दोन्हीकडे पाणीच आहे. एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून सायकल धुतोय." ताईने ते मान्य केलं आणि झोपली. मोजकं बोलणारी ही बाई पाणी, पूल, धुकं, धान्याची कोठारं असं काय काय बघायची आणि हळू आवाजात सांगत राहायची, आणि ताईला वाटायचं, एवढं सगळं हिने कुठे ठेवलं होतं?

जागेपणी मग ताई प्रश्न विचारायला लागली. हे डबे इतके कुठून आणलेत? वहिनी म्हणाली, पहिला आपणहून आला. जुन्या बाजारातून तिने मोडक्या घड्याळांचं खोकं आणलं होतं, स्क्रूंसाठी. तळाशी एक हिरवा डबा निघाला, एक चाक नसलेला. त्याला चाक बघायला गेली तर दुकानदारांनी हात झटकले. मोठ्या मापाच्या गाड्या श्रीमंतांकडे असतात, छोट्या मापाच्या घरोघरी. हा ना धड मोठा ना धड लहान. मधलं माप. हे करणारे कारखाने थोडे, तेही कधीच बंद पडले. मोठ्याचं चाक याला सैल, छोट्याचं घट्ट. "चाक सापडायला खूप काळ गेला," वहिनी म्हणाली. "तोवर डबा टेबलावर तिरका उभा असायचा. मग त्याला एकट्याला ठेवणं बरं वाटेना."

"आणि हा? याच्या दोन्ही टोकांचे जोडायचे आकडे वेगळे आहेत."

"त्यांतल्या दोन कारखान्यांचं एकमेकांशी पटायचं नाही. एकाचे आकडे दुसऱ्यात अडकत नाहीत. म्हणून हा मी कानशीने घासून केला. पुढून एकाशी बोलतो, मागून दुसऱ्याशी. याला दुभाषी म्हणते मी."

ताईने तो डबा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला. मग तिचं लक्ष डब्यांच्या खिडक्यांकडे गेलं. "उघड्या आहेत सगळ्या," ती नापसंतीने म्हणाली. "दुकानातून कात्री मागवा माझी, छोटी. आणि अस्तराचे तुकडे. टेप नको."

दोन उशांना टेकून तिने डब्यांना पडदे शिवले. नखाएवढे, पण खाली दुमड, वर चुण्या, सगळं रीतसर. वहिनीने भिंग लावून टाके बघितले. भिंग डोळ्यावरून काढायला तिला वेळ लागला. मुक्कामाला आलेल्या भावाने ते पाहिलं आणि म्हणाला, "ही लाईन माझ्या नकाशात नाही, पण सोय चांगली दिसतेय."

सोय चांगली होती, हीच अडचण झाली. व्यायाम घ्यायला एक बाई यायची. ती म्हणायची, आता वॉकर धरून उभं राहायचं. ताई म्हणायची, आज नको, आज चक्कर आहे. उद्या कळ असायची. परवा झोप झालेली नसायची. खरं कारण असं होतं की उभं राहिल्यावर खाली जमीन दिसायची, आणि ती जमीन तिला पायरीपाशी दिसली होती तशीच दिसायची, वर येणारी. आडवं झालं की खोली सुटायची आणि शेतं लागायची. मग उभं का राहायचं? व्यायामाच्या बाईने दारात वहिनीला हळूच सांगितलं, असंच चाललं तर या कायमच्या खाटेला खिळतील.

दुसऱ्या दिवशी वहिनीने गाडी लावली नाही. ताई वाट बघत राहिली. शेवटी म्हणाली, "उशिरा आहे का आज?"

वहिनी खाटेच्या कडेला येऊन बसली. आजवर ती तिथे कधी बसली नव्हती.

"वन्सं, ही गाडी इथून पुढे जात नाही. आता उतरायला हवं."

"म्हणजे?"

"यंत्र खिडकीशी ठेवलंय. चालवायची तर तिथे येऊन चालवायची. मी चालवणार नाही."

ताईला आधी खरंच वाटेना. मग ती भडकली. "माझ्या दुखण्याची तुला गंमत वाटते? एवढं एक सुख होतं, तेही डोळ्यांत खुपलं तुझ्या? तुझ्या घरात पडलेय म्हणून तू मला नाचवणार?"

बोलून झाल्यावर ताईच्या ध्यानात आलं की आपण वहिनीला 'तू' म्हणालो. वहिनीच्याही ध्यानात आलं असावं. तिचे कान लाल झाले होते, पण ती उठली नाही.

"मला गंमत नाही वाटत," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

त्यानंतर अबोला. सूप यायचं, जायचं. ताई भिंतीकडे तोंड करून पडायची. दुपारी खोली जिथल्या तिथे असायची, छत छतासारखं, आणि पाय दुखायचा. तिने डोळे मिटून नदी आणायचा प्रयत्न केला. नदी आली, पण तिच्यात आवाज नव्हता.

मग भाऊ फिरतीवरून आला. वहिनी कामावर गेलेली. बहिणीचं तोंड उतरलेलं पाहून तो म्हणाला, "एवढंच ना? मी लावतो गाडी." खिडकीशी बसून त्याने कळ फिरवली ती पार टोकाला. इंजिन उधळलं. डबे एकमेकांवर आदळत वळणावर गेले, पडदे भुरभुरले, शेवटचा डबा रुळावरून पडला.

"हळू," ताई म्हणाली. "गाडी आहे ती, मिक्सर नाही."

त्याने डबा उचलून ठेवला. पुन्हा लावली. आता इतकी हळू की इंजिन सांध्यावर अडून नुसतंच गुणगुणायला लागलं.

"अरे, जळेल ती. दे थोडी. दे... पुरे. पुरे म्हटलं ना, वळण येतंय, वळणाच्या आधी कमी करायची असते. तुला आवाज ऐकू येत नाही का?"

"कसला आवाज?"

"सरक," ताई म्हणाली.

त्याने वर पाहिलं तर ती त्याच्या शेजारी उभी होती. वॉकरची पकड इतकी घट्ट की बोटं पांढरी झालेली, कपाळावर घाम. खाट मागे, खोलीच्या त्या टोकाला. भावाने तोंड उघडलं आणि मग शहाणपणा करून मिटलं. खुर्ची मात्र ताबडतोब सोडली. ताई तिच्यात बसली, जराशी आदळलीच. श्वास लागला होता. जमीन दिसत होती, पण जमिनीवर रूळ होते. तिने कळेवर हात ठेवला आणि जिभेवर चव घ्यावी तशी ती थोडी थोडी फिरवली. गाडी निघाली. वळणावर कुरकुरली, खाटेखालच्या बोगद्यात शिरली, दिसेनाशी झाली. सांध्यावर दोनदा टकटक वाजलं. पलीकडून इंजिनाचं नाक बाहेर आलं तेव्हा ताईचा जीव भांड्यात पडला. आतून ऐकलेलं ती आता बाहेरून बघत होती, आणि दोन्ही जुळत होतं.

वहिनी आली तेव्हाही ती तिथेच होती. वहिनी दारात थबकली, खांद्यावर पिशवी तशीच. तिने खाटेकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"पुलावर किंचित कमी करा," ती म्हणाली.

"पूल कुठाय?"

"कपाटासमोर. तुम्हीच तर दोनदा गेलात त्यावरून."

"हो की," ताई म्हणाली, आणि कपाटासमोर तिने गाडी हळू केली. मग वळून न बघता म्हणाली, "बस तू जरा. दिवसभर उभी असतेस."

बसायला खाटेशिवाय दुसरं काही नव्हतं. वहिनी कडेला टेकली. दिवसभर तिने काचा घासल्या होत्या, डोळे लालसर झाले होते. दोन फेऱ्या तिने बसून पाहिल्या. तिसऱ्या फेरीला कलती झाली. गाडी उशाखालून गेली तसं तिच्या तोंडून "अगंबाई" असं काहीतरी निघालं, अगदी हलकं. एवढी वर्षं तिने गाड्या चालवल्या, पण खालून जाणारी गाडी अंगात कशी शिरते ते तिला माहीतच नव्हतं. मग तिचे डोळे मिटले. चप्पल पायातच राहिली.

भाऊ चहा घेऊन आला. ताईने त्याला नुसत्या भुवईने परत पाठवलं.

तिने गाडी आणखी थोडी मंद केली, सांधा कळेल पण टोचणार नाही इतकी. वहिनीचा श्वास लांब झाला. पापण्यांखाली डोळे हलत होते, उजवीकडून डावीकडे, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचे हलतात तसे. काय दिसत असेल हिला? ताई थोडी वाट बघत राहिली, विचारलं तर सांगेल का म्हणून. पण विचारलं नाही.

हाड जुळलं. पुढे काही आठवड्यांनी ताई काठी टेकत चौथा मजला चढली, प्रत्येक मजल्यावर थांबून खालच्या शेजाऱ्यांचे पडदे किती विटलेत ते सांगत. दुकान पुन्हा सुरू झालं. आगगाड्यांची खोली रिकामी झाली तेव्हा भाऊ खाट घडी करून माळ्यावर टाकायला निघाला होता. वहिनी म्हणाली, राहू दे. का म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाली, फळी आता खाटेच्या पायाला धरून बसवलीय, हलवली तर रूळ वाकतील. जमीन मोजणारा माणूस तो. ते खरं नाही हे त्याला एका नजरेत दिसलं. त्याने खाट सोडून दिली.

सुट्टीच्या दुपारी ताई येते. नवे पडदे लागतात का बघायला आले म्हणते. मग दोघींमध्ये आधी कोण आडवं होणार यावरून थोडी घासाघीस होते. "तू हो, तू थकलीस," ताई म्हणते. "नको वन्सं, तुम्ही जिना उतरून आलात." बहुतेक वेळा ताईच जिंकते आणि खिडकीशी जाऊन बसते.